जुन्या गाडीसाठी नवी स्पीडोमीटर केबल: माल कसा निवडायचा आणि कुठून न्यायचा

काटा थरथरतो म्हणून नवी केबल मागवली, बसवली, आणि काटा तसाच थरथरतोय. मग दोष केबल बनवणाऱ्याला. कधीकधी तो बरोबरही असतो. पण बहुतेक वेळा केबल चांगली असते आणि तिला दिलेला रस्ता वाईट असतो. म्हणून या परीक्षणात पाकिटातल्या मालाइतकंच मालाच्या मार्गाबद्दल लिहिलंय. चुकीच्या मार्गावर उत्तम केबलही काही महिन्यांत आवाज करायला लागते, आणि नीट मार्गावर साधी केबल वर्षानुवर्षं चालते.

रिस्टोरेशनसाठी मिळणाऱ्या केबल साधारण दोन प्रकारच्या. पहिली मूळ नमुन्याबरहुकूम तयार केबल: ठरलेल्या लांबीचा आउटर (बाहेरची न फिरणारी नळी), आत इनर (चाकांची गती मीटरपर्यंत नेणारी फिरती तार), दोन्ही टोकांना नट, आणि बऱ्याचदा फायरवॉलचा, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीचा, रबरी ग्रोमेट (भोकात बसणारं कडं) आधीच ओवलेला. दुसरा कापून घ्यायचा संच: लांब आउटर, लांब इनर, आणि टोकाला आवळून बसवायची चौकोनी टोपी. याशिवाय केबलला जागच्या जागी काटकोनात वळवणारा काटकोनी ड्राइव्ह वेगळा मिळतो, त्याबद्दल पुढे.

आमचं मत आधीच सांगतो. गाडी मूळ इंजिन-गिअरबॉक्सवर असेल तर तयार केबल घ्या, दुसरा विचार नको. तिची टोकं कारखान्यात दाबून बसवलेली असतात. हाताने आवळलेल्या टोपीला ती सर येत नाही. कापायचा संच गिअरबॉक्स बदललेल्या गाडीसाठी, किंवा जिची केबल कुठेच मिळत नाही तिच्यासाठी ठेवावा.

मात्र 'तयार' म्हणजे डोळे मिटून घ्यायची वस्तू नव्हे. एकाच मॉडेलच्या उजव्या आणि डाव्या स्टिअरिंगच्या गाड्यांना वेगळी लांबी लागते. ओव्हरड्राइव्ह (जास्त वेगासाठीचा जादा गिअर) असलेल्या आणि नसलेल्या गिअरबॉक्सलाही वेगळी. मीटरच्या बाजूचा नटही एकसारखा नसतो. व्हीडीओ (VDO) या जर्मन कंपनीच्या बऱ्याच मीटरना १८ मिमी व्यास आणि १.५ मिमी आट्याचा नट लागतो, तर अमेरिकन गाड्यांत ५/८ इंच आणि ७/८ इंच, इंचाला १८ आटे, असे दोन नट दिसतात. ५/८ इंच म्हणजे १५.९ मिमी. नुसत्या नजरेला तो १८ मिमीच्या जवळचा वाटतो, पण बसत नाही. जुना नट कॅलिपरने मोजूनच ऑर्डर द्यावी. इनरची जाडीही बघा: साधारण ३.३ मिमी आणि ३.८ मिमी अशा दोन जाड्या सर्रास मिळतात. जाड आउटरमध्ये बारीक इनर घातला की तो आत चाबकासारखा उडतो आणि खरखरतो.

पाकीट उघडल्यावर

इनर पूर्ण बाहेर काढा. स्वच्छ, सपाट टेबलावर ठेवून तळव्याखाली पुढे-मागे लोळवा. सरळ इनर गुळगुळीत लोळतो. मध्येच तो उचलला गेला किंवा टकटक हाताला लागली, तर तिथे मोड आहे. ती केबल परत करा. मोडलेला इनर हाताने सरळ करता येत नाही. डोळ्याला सरळ दिसला तरी फिरताना तो त्याच जागी उडी मारतो. पाठवताना केबल लहान वेटोळ्यात कोंबलेली असेल तर हा दोष हमखास शोधावा. टपालाचं पाकीट चपटं आणि छोटं असेल तर आधीच शंका घ्या.

दुसरी तपासणी पिळाची. इनर म्हणजे एकसंध सळई नव्हे. मधल्या बारीक तारेभोवती तारांचे थर एकाआड एक उलट दिशेने गुंडाळलेले असतात. बाहेरचा थर ज्या दिशेने घट्ट होतो, त्याच दिशेने तो चालवायचा असतो. उलट फिरवला की थर सैल पडतात, इनर फुगतो, आउटरमध्ये घासतो आणि ताकद देण्याआधी पीळ साठवत बसतो. गिअरबॉक्स बदललेल्या गाडीत ही चूक हटकून होते, कारण नव्या गिअरबॉक्सचा पिनियन (केबलला फिरवणारा छोटा गिअर) उलट फिरू शकतो. गाडी न्यूट्रलमध्ये पुढे ढकला, पिनियन कुठल्या दिशेने फिरतो ते बघा, आणि त्याच दिशेने इनर दोन बोटांत पिळून पाहा. बाहेरच्या तारा आवळल्या गेल्या तर इनर बरोबर आहे.

तिसरी गोष्ट चौकोनी टोकाची. चौकोनाच्या कडा धारदार हव्यात, आणि टोक पिनियनच्या भोकात बोटाने सहज सरकायला हवं, पण खडखडायला नको. काही केबलच्या टोकाला दाबताना राहिलेली बारीक भर असते. ती पॉलिश कागदाने उतरवा. हातोडीने ठोकून बसवलेलं टोक मीटरच्या आतल्या धारव्यावर (बेअरिंगवर) भार टाकतं.

मीटरच्या बाजूला आउटरच्या पुढे इनर साधारण १० मिमी बाहेर यायला हवा. ब्रिटिश गाड्यांच्या सर्व्हिस पुस्तकांत हाच आकडा ३/८ इंच असा येतो. हे माप केबल टेबलावर सरळ पडलेली असताना घेऊ नका. गाडीत शेवटची वळणं देऊन, गिअरबॉक्सची बाजू पूर्ण बसवून मग मोजा. वळणात इनर आतल्या कडेने जवळचा रस्ता धरतो, त्यामुळे दोन-तीन मिमीचा फरक पडू शकतो. इनर लांब पडला तर नट आवळताना तो मीटरचा दांडा आत दाबतो आणि दांड्याची लांबीतली चाळ (मोकळीक) संपते. मग नवं कोरं मीटर आठवड्यात किणकिणायला लागतं. आखूड पडला तर इंजिन हललं की चौकोन भोकातून सुटतो आणि काटा अधूनमधून शून्यावर पडतो. नट बोटांनीच शेवटपर्यंत बसला पाहिजे. पक्कड लागते आहे म्हणजे इनर लांब आहे किंवा आटे तिरके चढताहेत. दोन्हींवर जोर लावणं हा उपाय नाही.

मार्ग

स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीच्या मीटरच्या काळापासून चालत आलेले दोन नियम आजही तंतोतंत लागू आहेत: कुठल्याही वळणाची त्रिज्या १५० मिमीपेक्षा कमी नको, आणि दोन्ही टोकांना जोडणीपासून ५० मिमी केबल सरळ हवी. कागदावर हे सोपं वाटतं. पण काटकोनात वळायला १५० मिमी त्रिज्येवर जवळजवळ २४ सेमी केबल खर्च होते, आणि मीटरच्या पाठीमागे ५० अधिक १५०, म्हणजे २० सेमी मोकळी खोली लागते. जुन्या गाडीच्या डॅशबोर्डमागे ही खोली कागदावर असते, प्रत्यक्षात तिथे हीटरचा डबा, वायपरची मोटर आणि वायरिंगचा गुंता बसलेला असतो. पुठ्ठ्याचा ३० सेमी व्यासाचा गोल कापून त्याचे चार भाग करा. एक पाव भाग हातात घेऊन प्रत्येक वळणाला टेकवून पाहा. केबल पुठ्ठ्याच्या आत शिरते तिथे वळण कडक आहे.

मार्ग ठरवायला दोरी वापरू नका, कारण दोरी कुठल्याही कोपऱ्यात निमूट वळते. केबलइतक्या जाडीची जरा ताठ प्लास्टिक नळी घ्या. ती केबलसारखीच वाकते आणि नको तिथे अडते. कापायच्या संचासाठी लांबीही याच नळीवर मोजावी. जुनी केबल अजून गाडीत असेल तर ती काढताना तिच्या टोकाला मजबूत सुतळी बांधून ओढा. सुतळी मागे राहील आणि नवी केबल त्याच वाटेने येईल. त्याआधी प्रत्येक क्लिपचा फोटो घ्या. रंगकामाला गेलेल्या फायरवॉलवर कुठलं भोक केबलचं आणि कुठलं चोकचं, हे सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही.

हे काम कार्पेट, आवाजरोधक थर आणि डॅशबोर्ड बसण्याआधी करायचं. बोगद्यावर (गिअरबॉक्सवरच्या जमिनीच्या उंचवट्यावर) नवा जाड थर टाकल्यावर मूळ लांबीची केबल एक-दोन सेमी आखूड वाटू लागते, कारण तिला आता त्या थरावरून चढून जावं लागतं. शक्य असेल तिथे थर केबलच्या वाटेपुरता कापून घ्या. केबल ताणून बसवू नका.

गिअरबॉक्सच्या बाजूने सुरुवात करू. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर झुलतात, बॉडी झुलत नाही. म्हणून गिअरबॉक्सवरून निघालेली केबल बॉडीवरच्या पहिल्या क्लिपपर्यंत सैल, उदार वळशाने जायला हवी. इथे क्लिप जवळ लावली की प्रत्येक क्लचला केबल ओढली जाते. नट सैल होतो, किंवा आउटरची दाबलेली टोपी निखळते. फोक्सवॅगन बीटलमध्ये हाच प्रश्न आणखी तीव्र आहे. तिथे केबल गिअरबॉक्सवरून न निघता डाव्या पुढच्या चाकाच्या पोकळ स्टब अ‍ॅक्सलमधून येते, आणि तिचं चौकोनी टोक ग्रीसच्या टोपीतल्या चौकोनी भोकात अडकतं. चाक स्टिअरिंगबरोबर वळतं आणि सस्पेन्शनबरोबर वर-खालीही होतं. तिथला वळसा बांधून ठेवला तर केबल तुटणारच. चाक दोन्हीकडे टोकापर्यंत वळवून, जॅकवर पूर्ण खाली लोंबू देऊन वळसा तपासा.

उष्णता हा दुसरा शत्रू. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनचा धूर गोळा करणारा भाग) आणि त्याच्या पहिल्या पाइपपासून १० सेमी अंतर ठेवा. ते मिळत नसेल तर मध्ये पत्र्याची ढाल घाला, किंवा निदान परावर्तक बाही चढवा. हल्लीच्या बऱ्याच केबलमध्ये आउटरच्या आत नायलॉनचं अस्तर असतं. थंड जागी ते फार गुळगुळीत चालतं. गरम पाइपजवळ मात्र ते मऊ पडून इनरला चिकटतं आणि थंड झाल्यावर तसंच घट्ट होतं. रिस्टोरेशनमध्ये मूळ मॅनिफोल्डऐवजी नळ्यांचा हेडर बसवला असेल तर कारखान्याचा मार्ग आता सुरक्षित राहिला आहे असं धरून चालू नका. अशा गाडीत आम्ही अस्तर नसलेली, स्टीलच्या सर्पिल आउटरची केबल पसंत करतो. ती थोडा जास्त आवाज करते आणि ग्रीस मागते, पण वितळत नाही.

अस्तर वितळण्याचं एक कारण मार्गाशी संबंध नसलेलं आहे, आणि ते सुटलं तर दोन-तीन केबल बळी जातात. रंगकामानंतर इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी लावायची राहते, किंवा ती रंगावरच आवळली जाते. स्टार्टरला लागणारा शेकडो अँपिअरचा प्रवाह मग मिळेल त्या धातूच्या वाटेने परततो: अ‍ॅक्सिलरेटरची केबल, चोकची केबल आणि स्पीडोमीटरची केबल. आउटर आतून भाजून निघतो. नवी केबल काही दिवसांतच अडकली, बाहेरचं प्लास्टिक फुगलेलं किंवा तपकिरी दिसलं, आणि जवळपास गरम पाइप नाही, तर आधी अर्थिंग बघा. दोन्ही टोकांचा रंग खरवडा, पट्टी घट्ट करा, मगच पुढची केबल.

फायरवॉलच्या भोकात ग्रोमेट हवाच. त्याशिवाय पत्र्याची धार आउटर कापते आणि पाणी आत येतं. ग्रोमेट आधीच ओवलेला नसेल तर टोकाचा नट ज्या बाजूने लहान आहे तिथून तो चढवून मग केबल आत घाला. नंतर तो चिरून बसवलेला कधीच नीट बसत नाही. भोकातून केबल काटकोनात जायला हवी. तिरकी गेली तर ग्रोमेटच वळणाचा टेकू बनतो आणि नेमकं तिथेच वळण कडक होतं.

बॉडीवर रबराचं अस्तर असलेल्या पी-क्लिप वापरा, साधारण ३० ते ४० सेमी अंतराने. क्लिपने केबल धरावी, चिरडू नये. हाताने ढकलल्यावर ती क्लिपमध्ये किंचित सरकायला हवी. प्लास्टिकच्या बांधणीपट्ट्या करकचून ओढण्याची सवय इथे महागात पडते: आउटर दबतो, आत इनर एका जागी घासतो, आणि काटा नेमक्या एकाच वेगाला थरथरतो. केबल वायरिंगच्या जुडग्यालाही बांधू नका. क्लचची दांडी, हँडब्रेकची केबल, स्टिअरिंगचा दांडा यांपैकी काहीही पूर्ण हालचालीत केबलला शिवता कामा नये. एक माणूस पेडल दाबेल आणि दुसरा खालून टॉर्च धरेल, एवढी तपासणी पुरते.

ग्रीस

कोरडी केबल वाईटच, पण जास्त ग्रीस थेट मीटरला मारतं. फिरणाऱ्या इनरचा बाहेरचा पीळ स्क्रूसारखं काम करतो आणि जादा ग्रीस हळूहळू मीटरकडे चढवतो. मीटरमध्ये केबल आणि काटा यांचा थेट संबंधच नसतो. केबलने फिरवलेला चुंबक अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीत एडी प्रवाह (फिरत्या चुंबकामुळे धातूत उठणारा विजेचा प्रवाह) निर्माण करतो, वाटी ओढली जाते, आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे धरते. ओटो शुल्त्सेने १९०२ साली पेटंट घेतलेली ही रचना जवळजवळ सगळ्या जुन्या यांत्रिक मीटरमध्ये आहे. त्या चुंबक आणि वाटीमधल्या फटीत ग्रीस शिरलं की काटा उगाच जास्त वेग दाखवतो, आणि शेवटी आपटून अडकतो.

पद्धत अशी: इनर पूर्ण काढून पुसा, हलक्या लिथियम किंवा ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ थर बोटांनी लावा, आत सारा. मग मीटरच्या बाजूने सुमारे २० सेमी परत बाहेर ओढून तेवढा भाग कोरडा पुसून पुन्हा आत घाला. अस्तर असलेल्या केबलला याहूनही कमी पुरतं. इंजिन ऑइल अजिबात नको. ते वाहत खाली येतं, किंवा वर मीटरमध्ये चढतं. नवी केबल लावल्यावर काही दिवसांतच मीटरच्या नटाशी तेल दिसलं तर ते केबलचं नसतं. गिअरबॉक्सच्या पिनियनचं सील गेलंय. ते बदलल्याशिवाय मीटर वाचणार नाही, आणि सील बदलायला पिनियन काढावाच लागतो, तर हे काम गिअरबॉक्स बाहेर असतानाच उरकून घ्या.

काटकोनी ड्राइव्ह

मीटरमागे २० सेमी खोली नाही, किंवा गिअरबॉक्सवरून निघाल्याबरोबर बोगद्याची भिंत येते, अशा वेळीच हा घ्यावा. ओव्हरड्राइव्ह असलेल्या काही ब्रिटिश गाड्यांत तो मुळातच असतो, आणि तिथे तो गाळायचा प्रश्नच नाही. पण केबल सुंदर दिसावी म्हणून तो लावणं चूक आहे. आत दोन छोटे तिरक्या दातांचे गिअर असतात, प्रत्येक जोडणीत थोडी चाळ येते, आणि बारीक चौकोनी दांडा हा त्याचा सगळ्यात नाजूक भाग. केबल कुठेतरी अडकली की आधी तो तुटतो. तुटलेला ड्राइव्ह बदलण्याआधी अडकण्याचं कारण शोधा. घेताना दोन गोष्टी बघा: गुणोत्तर १:१ आहे का, आणि बाहेर पडणारी दिशा तीच राहते का. दिशा उलटली तर वर सांगितलेला पिळाचा हिशोब पुन्हा करावा लागतो.

कापायचा संच

घ्यावाच लागला तर एक सल्ला. इनर कापण्याआधी कापायच्या जागी दोन सेमी टेप घट्ट गुंडाळा आणि पातळ कटिंग चकतीने हळू कापा. वायर कटरने चावला तर थर उसवतात आणि टोपी कधीच सरळ बसत नाही. टोपी नुसत्या पकडीने चेपू नका, संचासोबत आलेला किंवा मापाचा चौकोनी डायच वापरा. आणि पहिल्यांदा ५ मिमी लांबच ठेवा. कमी करता येतं, वाढवता येत नाही.

बसवल्यावर

गिअरबॉक्सची बाजू सुटी ठेवून इनर दोन बोटांनी फिरवा. काटा हलका उचलायला हवा, आणि बोटांना एकसारखा विरोध जाणवायला हवा. एका जागी जड, एका जागी मोकळा, असं वाटलं तर वळण अजून कडक आहे. त्यानंतर ड्रिल मशीन लावता येते, पण दिशा आधी खात्रीने ठरवून. मैलाला १००० फेऱ्यांच्या मीटरला मिनिटाला १००० फेऱ्या दिल्या की काटा ६० मैलांवर स्थिर राहायला हवा. स्मिथ्सच्या तबकडीवर फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ १२८०. व्हीडीओच्या तबकडीवर 'डब्ल्यू' अक्षरापुढे दर एक मीटर अंतराला होणाऱ्या फेऱ्या असतात. डब्ल्यू १ असेल तर ताशी १०० किमीला मिनिटाला सुमारे १६६७ फेऱ्या लागतात.

चाकं, टायर किंवा मागचा अ‍ॅक्सल बदलला असेल तर हा आकडा जुळतो का तेही बघा. मीटरकडचं टोक सोडा, इनरला कागदाचा झेंडा चिकटवा, आणि गाडी न्यूट्रलमध्ये १६.१ मीटर सरळ ढकला. हा मैलाचा शंभरावा भाग आहे. झेंड्याच्या फेऱ्या मोजून १०० ने गुणा. १२.८ फेऱ्या आल्या तर १२८० चं मीटर बरोबर. मोजलेला आकडा तबकडीपेक्षा १० टक्के कमी आला तर मीटरही वेग १० टक्के कमी दाखवणार, आणि ती चूक कुठलीही केबल सुधारणार नाही.

शेवटी दोषाची ओळख. काटा आणि किलोमीटरचे आकडे दोन्ही थांबले तर केबल किंवा पिनियन. आकडे चालतात आणि काटा मेला तर मीटर. कमी वेगाला काटा झुलतो आणि वेग वाढल्यावर स्थिर होतो तर कडक वळण, कोरडा किंवा मोडलेला इनर. सकाळी थंडीत किणकिण आणि गाडी तापल्यावर शांतता, हे मीटरच्या कोरड्या धारव्याचं लक्षण आहे. तिथे केबल बदलून पैसे वाया घालवू नका. मीटर दुरुस्त करणाऱ्याकडे द्या, आणि परत आल्यावर नट पुन्हा बोटांनीच बसवा.